लगडीवरचं नाव

गूछंग
ग्वांगशू राज्यवर्ष २०, दुसरा महिना, तिथी १२

ती. ताईस,
मिंगतांगचा सा. न. वि. वि. आईला माझा नमस्कार मोठ्यानं वाचून दाखव, डाव्या कानाशी.

हे पत्र पेढीच्या टपालातून नाही, मा उंटवाल्याच्या कोटाच्या अस्तरातून येतंय. पेढीतून जाणारं पत्र उघडंच द्यावं लागतं, फान कारभारी वाचतात आणि मग चिकटवतात. माझं इथं किती छान चाललंय ते आजवर तू वाचलंस, ते त्यांच्यासाठी होतं.

सहा वर्षं भरली की या वसंतात रजा, असं ठरलं होतं ना. ती गेली. आमचे पारखी दू म्हातारबुवा, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली, चांदीची लगड हातात ते धरतात आणि बघतो मी. वर लाटा दाट आहेत की विरळ, बुडाच्या भोकांत काळं दिसतं का, ठोकल्यावर आवाज बसका येतो का. इलीची चांदी, काशगरची, रशियन नाणी वितळवून ओतलेली, सगळ्यांचे चेहरे मला आता गावातल्या माणसांसारखे ओळखू येतात. मी कानात सांगतो, ते कुंचल्यानं लगडीवर कस लिहितात आणि खाली स्वतःचं नाव. आता फान म्हणतात, नाव तूच घाल.

तू लगेच खूश होऊ नकोस. पारख्याचं नाव शाईनं लगडीवर चढलं की ती पेकिंगला जावो नाहीतर कुठंही, खोटी निघाली तर लोक नाव वाचत आमच्या दारात येतात. म्हणून नाववाल्या माणसाला पेढी दहा वर्षं गावाबाहेर सोडत नाही. दहा झाली की पुन्हा दहा. दूंनी आपला मुलगा अजून पाहिलेला नाही, आणि आता आला तरी दिसायचा नाही. संध्याकाळी नगारा झाला की फाटक बंद, आम्ही झोपतो तेही चांदीच्या कोठीवर घातलेल्या फळ्यांवर. कूस बदलली तरी खालून थंडी येते.

मी नाही म्हणणार आहे. यिंगरच्या घरी सांग, लग्नासाठी सुगीपर्यंत थांबा.

तुझा धाकटा, ज्याला तू विसरणार नाहीस,
मिंगतांग

*

घर, छीश्येन
चौथा महिना, तिथी २०

चि. एरगोऊ यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

मोठ्या नावानं सही करतोस, पण मी तुला एरगोऊच म्हणणार. भुतांनी उचलून नेऊ नये म्हणून आईनं तुझं नाव ‘दुसरा कुत्रा’ ठेवलं, ते नाव अजून तुला राखतंय.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात फान कारभाऱ्यांचं पत्र गावच्या देवळात वाचून दाखवलं गेलं. आपला हाओ मिंगतांग पारखी होणार, ऐन विशीत. पाटलांनी आईला खुर्ची दिली. आई इतकी ताठ बसली होती की मला वाटलं आता तीच कुणाची तरी पारख करते. आणि तू लिहितोस, नाही म्हणणार. अरे, गावातली चार पोरं त्या पेढीत शिरायला तडफडताहेत. तुझे दाजी गेल्यापासून या घरात मोठ्यानं हसण्यासारखं काही घडलं नव्हतं, ते त्या दिवशी घडलं.

यिंगरचे वडील, शिरकेवाले वन, मात्र थांबायला तयार नाहीत. पोरगी एकोणिसाची झाली. त्यांच्या दुकानात गेलं की ते शिरक्याचा नमुना चाखायला देतात आणि चाखताना विचारतात, पोरगा कधी येतोय. आंबट तोंडानं उत्तर द्यावं लागतं. तू काळजी करू नकोस. मी काहीतरी करते.

माया आहे ती वाढवत राहा.
च्याओयुन

*

गूछंग
पाचवा महिना, तिथी ३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, वाटेत असेल. तरी लिहितो, कारण मा उंटवाला उद्या पेढीच्याच, उन्हाळ्याआधीच्या शेवटच्या तांड्याबरोबर निघतोय.

मी नाही म्हटलं. फान ओरडले नाहीत, मारलंही नाही. त्यांनी मला चहा दिला. मग दूंना घरी पाठवलं, म्हणजे मागच्या खोलीत, आणि लगडी माझ्यासमोर मांडायला सुरुवात केली. मी नाव घालत नाही म्हणून त्या तशाच रचल्या जातात. माझ्याभोवती आता कमरेएवढी भिंत झालीय. आचारी जेवण त्या भिंतीवरून हातात देतो आणि विचारतो, पारखी, मीठ बरोबर आहे का, लिहून दे. सगळे हसतात. मीही हसतो, काय करणार.

पण ऐक. आपल्याकडचा एक व्यापारी परवा आला, त्यानं सांगितलं की मामा नववर्षालाच गेले. मला फार वाईट वाटलं, त्यांनीच मला हाताला धरून पेढीच्या माणसाकडे नेलं होतं. पण माझे जामीनही तेच होते. मी पळालो तर पेढी जामिनाच्या घरावर जप्ती आणते, त्याच भीतीनं सहा वर्षं गप्प बसलो. आता जामीनच नाही. उन्हाळ्यात उंट चरायला सोडतात, नवव्या महिन्यात पहिला तांडा निघेल, त्यात मी असेन. मा उंटवाल्यानं मला उंटांच्या चाऱ्याची पोती उचलायला घ्यायचं कबूल केलंय. नववर्षाला घरी. तोवर तू काहीही करू नकोस, फक्त यिंगरला कानात सांग.

लवकरच समोर उभा राहून नमस्कार करणारा,
मिंगतांग

*

घर
सातवा महिना, तिथी ११

चि. एरगोऊ यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. ते लग्नाआधी पोचायला हवं होतं.

सहाव्या महिन्यात पेढीचा माणूस आला. म्हणाला, मामा गेले (तू तिथं एकटा रडशील म्हणून मी कळवलं नव्हतं), नवा जामीन द्या, नाहीतर पारख्याची जागा दुसऱ्याला. मला वाटलं तुझी जागा जातेय. मी दार दार फिरले. कुणी अंगठा देईना. शेवटी वनांकडे गेले. ते म्हणाले, परक्या पोरासाठी मी दुकान गहाण ठेवू का, जावयासाठी ठेवीन. मग मीच म्हटलं, करून घ्या जावई. तू नव्हतास, म्हणून रिवाजाप्रमाणे तुझ्या जागी कोंबडा उभा केला. लाल फीत बांधलेला कोंबडा मी धरला होता, यिंगरनं त्याच्याशेजारी वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, आमच्या एरगोऊपेक्षा हा शांत आहे. बायका खूप हसल्या. त्याच संध्याकाळी वनांनी जामीनपत्रावर अंगठा उमटवला.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात हळू वाचत होते. यिंगर मागे उभी होती, मला ठाऊक नव्हतं. तिनं सगळं ऐकलं. शेवया लाटत राहिली. नंतर एवढंच विचारलं की तांडा नवव्या महिन्याच्या कोणत्या दिवशी निघतो.

आता तू पळालास तर बाप तिचा जाईल. नाही पळालास तर तू जाशील. मी तुझ्यासाठीच केलं रे. कोणाला विचारू की काय चुकलं.

राग असला तरी पत्र बंद करू नकोस.
ताई

*

गूछंग
दहावा महिना, तिथी २

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग नाही. मी तुझ्या जागी असतो तर कोंबडा मीच धरला असता.

तुझं पत्र तांडा निघायच्या आदल्या दिवशी हातात पडलं. सकाळी मी फाटकापर्यंत गेलो. मा उंटवाल्यानं माझ्या वाटचं पोतं माझ्याकडे बघून खाली ठेवलं, मग दुसऱ्याच्या पाठीवर दिलं. शेवटच्या उंटाची घंटा वळणापर्यंत ऐकू आली.

परत आलो आणि पहिल्या लगडीवर नाव लिहिलं. अक्षर वाईट आहे, फान म्हणाले ओळखू येतं एवढं पुरे. दुपारपर्यंत भिंत उतरली, एकेक लगड आपापल्या वाटेनं गेली. काही तर पेकिंगला जाणार आहेत म्हणे. माझं नाव माझ्याआधी गावाजवळून जाईल.

आता एक काम. यासोबत वेगळ्या घडीचा कागद आहे तो यिंगरचा. सोडचिठ्ठी आहे. मजकूर दूंनी सांगितला, मी लिहिला, खाली माझा अख्खा पंजा शाईत बुडवून उमटवलाय. तारीख कोरी आहे. ती तिनं घालायची, पाहिजे तेव्हा, किंवा घालूच नये. दहा वर्षं थांब असं मी कुणाला म्हणू शकत नाही, कोंबड्याच्या भरवशावर तर नाहीच. वन जामीन आहेत, ते माझ्याशी बांधले गेले, ते मी सांभाळीन, इथून हलणार नाही. पण तिला तरी दार असू दे. आईला यातलं काही सांगू नकोस.

लोभ कमी झाला तरी चालेल, तोडू नये.
मिंगतांग

*

घर
बारावा महिना, तिथी ८

चि. एरगोऊ यास आशीर्वाद.

आज आठवीच्या सणाची खीर होती, तुझी वाटी आईनं भरून ठेवली आणि मग शेजारच्या म्हातारीला दिली.

यिंगरला कागद दिला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. मी मध्येच थांबले तर तिनं मला पाणी आणून दिलं आणि पुढचं वाचायला सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं कागद ओट्यावर पसरला आणि तुझ्या पंजावर आपला पंजा ठेवून पाहिला. बराच वेळ. तुझा हात एवढा मोठा झाला असेल असं मला वाटलं नव्हतं. गेलास तेव्हा माझ्याएवढा होता. मग तिनं घडी घातली आणि आपल्या माहेरच्या पेटीत, कुलपाच्या, ठेवून दिली. किल्ली तिच्याकडेच आहे. ती काय ठरवेल ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

आज सकाळी मात्र तिनं जुन्या चिंध्या खळ लावून भिंतीला वाळत घातल्या, जोड्याच्या तळव्यासाठी. मला म्हणाली, असल्या चिठ्ठीवर हाताबरोबर पायाचाही ठसा देतात, यांनी हातच तेवढा दिला. पाय दिला असता तर माप मिळालं असतं. तेव्हा पुढच्या पत्रात पायाचा ठसा पाठव. तिथं थंडी फळ्यांखालून येते ते तिनं ऐकलंय, तळवा ती जाड करणार आहे.

आमची आठवण निघत राहू दे.
तुझी ताई,
च्याओयुन