शेठचं लंघन

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. छावणीवर रेशनचा ट्रक आठवड्यातून एकदाच येतो, टपाल त्याच्यावरच चालतं आणि फोनला रेंज नाही, हे सगळं मला मान्य आहे. तरी त्या एवढ्याशा पत्रात तू माझ्यासाठी दोन ओळी खरडल्यास आणि बाकीचं पान गिनीपिगांवर खर्च केलंस. मी तुझी सख्खी धाकटी बहीण आहे, एकदा खात्री करून घे.

तर आधी तुझे लाडके. मुनीम ठणठणीत आहे. खातो, लेंड्या टाकतो, झोपतो. शेठचं मात्र पोट फुगलंय. शेठ म्हटल्यावर पोट यायचंच, म्हणून मी आधी हसण्यावारी नेलं. पण परवा उचलला तर पोट ढोलकीसारखं ताणलेलं, आणि बोट लागलं की कण्हतोय. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं आणि विचारलं की कोबी घालता का. मी शपथेवर सांगितलं की आमच्या घरात कोबी येतच नाही, वडिलांना त्याचा वाससुद्धा चालत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा शपथ घेतली. माझ्याकडे अशा बघत होत्या, जसा काही मी पिशवीत गड्डा लपवून आणलाय. गॅसचे थेंब दिलेत. सध्या फक्त वाळलं गवत आणि पाणी, बरा झाला की थोडी कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीची फोड.

अण्णा तसेच आहेत. लिफ्ट अजून बंद. जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस स्वतःच पाचव्या मजल्यावर अडकून पडलाय; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खाली मेकॅनिक ठोकाठोक करतात तेव्हा हे दाराशी खुर्ची ओढून बसतात आणि आवाजावरून त्यांच्या चुका काढतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा पाय ओढतच आहे. मोरीपर्यंत जायलासुद्धा माझा हात लागतो. जिना तर विचारूच नकोस.

आता माझं. आमच्या कवळ्यांच्या वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी माझं नाव मोठ्या वर्कशॉपसाठी दिलंय, ते रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरातलं. तिथे चिनी मातीचे दात करायला शिकवतात, एकेक दात रंग जुळवून. इथे मी वर्षानुवर्षं त्याच गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या घासतेय. महिनाअखेर हो किंवा नाही कळवायचंय. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि बघते म्हणाले. ताई, तू मागच्या उन्हाळ्यात परत येणार होतीस. तो उन्हाळा गेला, आता दुसरा दारात उभा आहे. मी कामावरून येते, पाच मजले चढते, दार लावते आणि वाटतं की आता उद्या सकाळपर्यंत संपलं. हे तुला नाही तर कुणाला सांगू?

लोभ आहेच, पण तो पत्राच्या लांबीतही दिसू दे.

तुझी,
चिंगी

*

दि. १३ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

घे, लांब पत्र. आता वाचून कंटाळलीस तर तक्रार नको.

शेठबद्दल वाचून जीव खालीवर झाला. नीट ऐक. वाळलं गवत पिंजऱ्यात कायम हवं, भरपूर, त्यात ते लपतील एवढं. त्यांच्या पोटाची रीत आपल्यासारखी नाही. वरून ढकलत राहिलं तरच खालचं पुढे सरकतं. खाणं थांबलं की पोट थांबतं आणि पोट थांबलं की गॅस धरतो, की आणखी खात नाही. म्हणून लेंड्यांवर लक्ष ठेव. लेंड्या बारीक झाल्या, वाकड्या झाल्या किंवा बंद झाल्या तर संध्याकाळची वाट बघायची नाही. आणि एक लिहायचं राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते: अण्णांना त्याच्या जवळ औषधपाणी करू देऊ नकोस. लहानपणी आपलं पोट बिघडलं की ते काय करायचे आठवतंय ना? लंघन. डोकं दुखलं, लंघन. परीक्षेत नापास झालो, तरी लंघन. शेठला ते चालायचं नाही, जीव जाईल.

मोठ्या वर्कशॉपचं वाचलं. अभिमान वाटला, खरंच. पण चिंगे, माझी मुदत त्यांनी पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाढवली आहे आणि मी सही करून बसले. ड्रिलिंग अर्धवट आहे, मातीचे नमुने तपासायला दुसरं कुणी नाही. तू त्यांना पुढच्या वर्षी येते असं सांगून बघ ना. चांगल्या हाताला लोक थांबतात. अण्णांना परक्या माणसाच्या हवाली करायचं आणि तू जायचं, हे मला तरी सुचत नाही. तू माझ्यापेक्षा समजूतदार आहेस, म्हणून तर मी इतकी निर्धास्त आहे.

अण्णांना नमस्कार, मुनीमजींना एक कोथिंबिरीची काडी, आणि तुला जितके मागशील तितके आशीर्वाद.

तुझी,
ताई

*

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. एक दिवस आधी यायला हवं होतं.

परवा कामावरून आले तर पिंजऱ्यात गवताची काडी नाही. मुनीम बाहेर, अण्णांच्या मांडीवर गवत खातोय, आणि शेठ रिकाम्या पिंजऱ्यात कोपऱ्यात, पाठीची कमान करून, अंगावरचे केस उभे. खाली एक लेंडी नाही. अण्णा मोठ्या समाधानानं म्हणाले की सकाळपासून कडक लंघन घातलंय, संध्याकाळपर्यंत पोट जागेवर येईल, तुम्ही पोरी अशाच बऱ्या झालात. शेठला ओढणीत गुंडाळला आणि जिना उतरले.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मला धावताना पाहिलं आणि हाक मारून विचारलं की आजोबा आज का आले नाहीत, त्यांच्यासाठी कोबीचा पाला बाजूला काढून ठेवलाय. मी म्हटलं कुठले आजोबा. त्या म्हणाल्या, अहो तुमचे वडील, काठी टेकत येतात ते. थंडीपासून येतात. सशासाठी पाला नेतात आणि पायरीवर बसून गप्पा मारतात. मावशींना गिनीपिग म्हणजे ससाच.

ताई, मी ऐकून तशीच पुढे पळाले, कारण हातात शेठ होता. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की होय, कोबी घालत होतो, माझी शपथ खोटी होती. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट हलवायचं औषध दिलं आणि गवताच्या पिठाची पेज सुईविना सिरिंजनं भरवायला शिकवलं. तोंडाच्या कडेनं, थोडी थोडी, गिळू देत देत. घरी येऊन भरवत बसले. बऱ्याच वेळानं एक लेंडी पडली तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आणि अण्णांना वाटलं शेठसाठीच रडतेय.

त्यांना मी काही बोलले नाही. तेव्हापासूनही सकाळी मी रोजच्यासारखाच हात पुढे करते, ते धरतात, आणि आम्ही मोरीपर्यंत तसेच जातो, ते पाय ओढत आणि मी सावकाश. जो माणूस पाच मजले उतरून चढतो त्याला मी दहा पावलं धरून नेतेय. मला राग येतो, ताई. इतका राग येतो की हात झटकून टाकावासा वाटतो. मग ते माझ्या मनगटावर बोटं घट्ट करतात आणि मला कळतं की त्यांना काय हवंय. बोलले तर त्यांची मान खाली जाईल. नाही बोलले तर मी इथेच. दोन्हीकडून आपलंच मरण.

पेज भरवायला मी त्यांनाही शिकवलंय. मी कामावर असते तेव्हा तेच भरवतात. हात थरथरतो, पण शेठ त्यांच्याकडूनच बरी खातो. आणि पुन्हा लंघन नाही, हेही बजावून ठेवलंय.

उत्तर माझ्या इथल्या वर्कशॉपच्या पत्त्यावर धाड. घरी आलेली पाकिटं अण्णा आधी उजेडात धरून बघतात.

थोरल्या बहिणीच्या मायेवर हक्क सांगून थांबते.

तुझी,
चिंगी

*

दि. २४ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून पहिल्यांदा मला अण्णांचा भयंकर राग आला. मग हसू आलं. कोबीचा वास न सोसणारा माणूस खिशात कोबीचा पाला घालून पाच मजले चढतो म्हणजे काय!

मला विचारशील तर आत्ता बोलू नकोस. म्हातारा माणूस आहे, त्याचं हे सोंग उतरवून तुला काय मिळणार? मी हिवाळ्यात येते, मग दोघी मिळून हळूच काढू विषय. तोवर धर त्यांचा हात. एवढे दिवस धरलास, आणखी थोडे.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण खोडत नाही. मला त्या दोन खोल्यांची धास्ती वाटते, चिंगे. छावणीत वारा खायला मिळतो. मी आले की मी अडकणार आणि तू सुटणार, हे मला कळतं, म्हणून माझी सही इतक्या पटकन होते. तुला शिव्या द्यायच्या तर दे, त्या पोचायला आठवडा लागेल.

शेठची पेज एकदम बंद करू नका. तो आपणहून गवत ओढायला लागला की मग हळूहळू कमी. पुन्हा तोंड मिटून बसला तर लगेच डॉक्टरीणबाई, आणि जाताना मुनीमलाही न्यायचा. एकटा घाबरतो तो.

तुझ्या रागालाही लोभच समजणारी,
ताई

*

दि. २९ मार्च

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. उजव्या हातानं लिहितोय आणि तो अजून माझं ऐकत नाही. तुझ्या आईच्या माघारी तुला मी स्वतः लिहिलेलं हे पहिलंच पत्र असेल. आजवर चिंगीच्या पत्राच्या शेवटी माझे आशीर्वाद लटकवून पाठवत आलो.

शेठ बरा आहे, ते आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

काल चिंगी कामावर गेली आणि मी पेज भरवायला बसलो. त्यानं दात घट्ट मिटले. पेज गालावरून खाली. गवत पुढे केलं, मान फिरवली. लेंड्या पहाटेपासून नव्हत्या. पोट पुन्हा ताणलेलं. मी मनाशी म्हटलं, संध्याकाळी चिंगी येईल. मग म्हटलं, संध्याकाळपर्यंत हा राहायचा नाही. मागच्या वेळी मी आपल्या हातानं त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवला होता. आधी कोबी घालून, मग तो कोबी फेडायला लंघन घालून.

कोबीचं तुला माहीत नसेल. मी थंडीपासून जिना उतरतोय. पहिल्यांदा एक मजला, मग दोन, बसत बसत. एक दिवस रस्ता लागला. चिंगीला सांगितलं नाही. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि ती दारात येऊन हात पुढे करायची, की मी तो धरायचो. मला भीती वाटत होती, पोरी. मला चालता येतं हे कळलं तर ती जाईल, आणि तिनं जायलाच हवं हेही मला कळत होतं. तिचं मोठ्या वर्कशॉपचं बोलावणं मला माहीत आहे. लिफ्टच्या जाळीशी बसलं की जिन्यातलं सगळं ऐकू येतं, आणि ती शेजारणीशी जिन्यात बोलली. मी ऐकून गप्प बसलो. कोबीचा पाला खिशातून काढला की शेठ शिट्टी घालायचा. माझ्या येण्यानं खूश होणारं तेवढंच एक उरलंय असं वाटायचं, म्हणून रोज थोडा जास्त घालायचो.

तर काल दोघांना भाजीच्या पिशवीत घातलं, वर टॉवेल, आणि उतरलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टवाली पोरं होती. वाटेत त्यांना सांगितलं की तुमची दोरी पुलीवर तिरकी बसतेय. भाजीवालीनं पाला पुढे केला, तिला म्हटलं आता कधीच नको. डॉक्टरीणबाईंनी शेठला आत घेतलं, इंजेक्शन दिलं आणि मला बसायला सांगितलं. तिथून त्यांनी चिंगीच्या वर्कशॉपला फोन लावला.

मला वेळ होता. तिचं वर्कशॉप दोन रस्ते पलीकडे. शेठला त्यांच्याकडे ठेवून मी निघालो असतो तर ती यायच्या आत वर पोचून खुर्चीत बसलो असतो, आणि शेजाऱ्यानं नेला असं काहीतरी ठोकून दिलं असतं. खोटं बोलायची सवय झाली आहे मला. एकदा उठलोही. मग पुन्हा बसलो. पिशवीतून मुनीम डोकं काढून बघत होता, त्याच्या पाठीवर हात ठेवून दाराकडे तोंड करून बसलो. एवढी भीती मला झटका आला तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

ती आली. हाताला कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर लागलेलं, धापा टाकत. मला बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो की आता आश्चर्य वाटेल, आता रागावेल. काहीच नाही. थोरले, तिला माहीत होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही. सगळं कळत असून ती रोज सकाळी माझा हात धरत होती आणि मी तो धरू देत होतो.

ती माझ्या शेजारी बसली. डॉक्टरीणबाईंनी आतून सांगितलं की पोटात आवाज येतोय, वाचेल. मग तिनं मला एवढंच विचारलं की अण्णा, दोघांना घेऊन तुम्ही एकटे वर जाल ना, मला स्टेशनवर जाऊन तिकीट काढायचंय.

मी जातो म्हणालो.

तू कधी येतेस ते तुझं तू ठरव. घर उघडं आहे, आणि लोभाची थकबाकी माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

तुझे,
अण्णा