सिस्टरला दिलेलं उत्तर

३ मार्च
साडेसहाला उठलो. दूध आणलं. मुलीचा फोन आला, "बाबा, जेवताय ना वेळेवर?" हो म्हणालो. तिची आई जाऊन आज एकोणीस दिवस. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. पेपर चार वेळा उघडला, एक ओळ वाचली नाही.

४ मार्च
लिहूनच टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या केमोनंतर घरी येताना ती सारखी तळहात खाजवत होती. लालभडक झाले होते. म्हणाली, "अहो, कुठे बोलू नका हं. ॲलर्जी म्हणतील नि औषधच बंद करतील. हे एकच लागू पडतंय."

आठव्या वेळी ती वजन करायला गेली होती, तेव्हा सिस्टरने मला विचारलं, "काका, मागच्या वेळी काही त्रास? खाज, पुरळ?"

मी म्हणालो, नाही.

औषध सुरू झालं आणि वीस मिनिटांत तिचा चेहरा सुजला, श्वास घेता येईना. धावाधाव. त्या दिवशी वाचली. पण ते औषध कायमचं बंद झालं — दुसरं लागू पडलं नाही. दोन महिन्यांत संपलं सगळं.

६ मार्च
हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. परत आलो.

७ मार्च
मुलगी आली होती. आईचं कपाट आवरताना म्हणाली, "आधी लक्षात आलं तर तेच औषध थेंबाथेंबाने देता येतं म्हणे. तुम्हाला काही दिसलं नव्हतं का, बाबा?"

पुन्हा नाही म्हणालो.

"तुम्हाला काय दिसणार म्हणा! आई म्हणायची, घराला रंग दिला तरी ह्यांना आठवड्याने कळेल."

दोघंही हसलो. मला जेवण गेलं नाही.

९ मार्च
गेलो. सिस्टरला म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. खाज सुटली होती.

ती म्हणाली, "काकूंना राहवलं नाही, आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं. म्हणून तर आधी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, औषध अगदी सावकाश सोडलं. तरी झालं, काका."

"मग मला कशाला विचारलंत?"

"सगळ्यांनाच विचारावं लागतं. काकू म्हणाल्या होत्या, हे नाही म्हणतील, माझ्यासाठी. त्यांना तोंडघशी पाडू नका."

मुलीला रविवारी सांगायचं.

घरी येऊन दाढी केली.