सुताराची बाकं

प्रिय कारभारणीस, प्रभूच्या नावाने सलाम.

तीन रविवार कुणी आलं नाही तर मुकाट्याने घरी या, असं तू बजावलं होतंस. दोन रविवार मी प्रार्थनेच्या या खोलीत रिकाम्या बाकांनाच उपदेश केला. तिसऱ्या रविवारी पिशवी भरून ठेवली, तरी दहाला प्रार्थना सुरू केलीच. तेवढ्यात सुतार चार गडी घेऊन हजर, उसनी दिलेली बाकं न्यायला!

"म्हातारबाबांचं आटपू द्या, बसा जरा," तो कुजबुजला. पाचही बसले. मग काय, मी उपदेश चांगला लांबवला!

उठताना सुतार म्हणाला, "बाबा, बाकं राहू द्या. पुढच्या रविवारी बायकोला आणतो."

मी माणसं मागत होतो, देवाने बाकंही ठेवली.

जेवतो गं, बहुतेक रोज. तुझे गुडघे कसे आहेत? माझी भरलेली पिशवी रिकामी केली आहे. आता तू तुझी भर नि इकडे ये.

तुझाच,
म्हातारबाबा