आडमुठ्याची जागा

प्रथम सर्वांची खुशाली. ज्युडिथ, साखर तपासलीस का? एलियाह, गुडघा कसा आहे? बाकीच्या आठ जणांनीही रक्तदाब सांभाळावा. माझ्यामागे प्रार्थना म्हणायला आपल्या यहुदी रिवाजाने दहा पुरुष लागतात, आणि मला धरून आपण दहाच आहोत.

माझी स्वतःची बुद्धी शाबूत आहे. एलियाहचे मत वेगळे आहे.

मी, सॅमसन डॅनियल रोहेकर, वय ७९, धंदा सुतारकी, राहणार वरसे, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की:

१. घर हयातभर पत्नी ज्युडिथचे, पुढे मुलगा जोशुआचे.

२. रंधा शेजारच्या केरूला. पाच वर्षे तो त्याच्याकडेच आहे. आता कोणी परत मागू नये.

३. एलियाहला काही नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही असे वकील म्हणाले, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केला. सिनेगॉगच्या सभावहीत हा चाळीस वर्षे लिहितो, "आडमुठा सॅमसन वगळता सर्व सहमत." एकदा मी रागाने उठून निघालो, तर अनवाणी मागे धावला.

"सॅमसन, आत चल! प्रार्थना अडलीय!"

"मी आडमुठा ना?"

"व्हय, हायसच! पण दहावा हायस!"

४. माझ्या नावापुढचा तो शब्द वहीत राहू द्यावा. जोशुआच्या नावापुढचा खोडावा. गेल्या साली सिनेगॉगला निळा रंग द्यायचे ठरले. जन्मात पहिल्यांदा मी सर्वांच्या बाजूने होतो. जोशुआ एकटा म्हणाला, "बाबा, आधी कौलं परता. गळतंय." बहुमताची मला सवय नाही; ते डोक्यात गेले. चारचौघांत म्हणालो, "आडमुठा कुठचा!" एलियाहने तेही वहीत लिहिले. जोशुआ पेणला गेला तो आलाच नाही. पावसात रंग ओघळला. एलियाहची टोपी अजून निळी आहे.

५. दाराजवळची माझी खुर्ची जोशुआला. अट एकच. रागाने मीही पुष्कळदा निघालो, पण कोपऱ्यावरच्या पानटपरीपुढे कधी गेलो नाही. आडमुठ्याने तेवढेच लांब जावे.

सही: सॅमसन डॅनियल रोहेकर
साक्षीदार: हरेश म्हात्रे
एलियाह पेणकर (कलम ३ ला माझा विरोध नोंदवावा.)
वरसे, ता. रोहा, १२ जानेवारी २०२५

ता.क. जोशुआ, ही नक्कल तुला. आत्ता आलास तर आपण अकरा होऊ. मी गेल्यावर दहा उरतील. हो असेल तर लवकर लिही. नाही असेल तर समक्ष येऊन सांग.