सरकलं कोण?

प्रिय चिमे,

उशिरा लिहितोय म्हणून रुसू नकोस. मास्तरकीतून निवृत्त झालो तरी हातातला लाल पेन काही सुटत नाही. किराणाच्या यादीतही चुका काढतो म्हणून तुझी वहिनी वैतागते.

कॉलेजात सापेक्षतेच्या पेपरात तुझा एक गुण मीच कापला होता, आठवतंय? यानाला वेग दिला असं धरायचं, की यान जागेवर ठेवून बघणाऱ्यालाच उलट्या दिशेने पळवायचं, हे तू ठरवलंच नव्हतंस. निम्मं गणित असं, निम्मं तसं, आणि चिन्ह चुकलेलं. दोन्हीकडून उत्तर एकच येतं तर दादाचं काय बिघडतं, अशी आईकडे चहाडीही केलीस. मी म्हटलं होतं, आधी काय हललं ते ठरव.

गेल्या महिन्यापासून वहिनी हळू झालीय. थकली नाहीये गं, हळू झालीय. सकाळी समोरासमोर चहा घेतो, तेव्हा माझे सहा घोट होतात तोवर तिचे पाच. एक वाक्य बोलते आणि मी शेवटच्या शब्दाची वाट बघत बसतो. मग टेप घेऊन पलंग मोजला. माझी बाजू तीन फूट, तिची अडीच. लांबीत काही फरक नाही, फक्त रुंदीत, खिडकीच्या दिशेने. घोटांचं आणि फुटांचं गुणोत्तर तंतोतंत एकच आलं. वेगाने दूर जाणाऱ्या यानाचं असंच होतं ना, बघणाऱ्याला त्याचं घड्याळ हळू दिसतं आणि जाण्याच्या दिशेने तेही त्याच प्रमाणात आखूड दिसतं.

काल धीर करून तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, की अहो, हळू तुम्ही झालात. तुम्ही घाबराल म्हणून मी महिनाभर गप्प होते. घोट तिनेही मोजले होते. तिचे सहा, माझे पाच.

दुपारभर कागद घेऊन बसलो. वेगाचं चिन्ह अधिक धरलं तर ती दूर चाललीय, उणे धरलं तर मी. दोन्ही बरोबर. जन्मभर पोरांना दटावलं, आणि आता मलाच ठरवता येत नाही. फार भीती वाटते, चिमे. हात धरला तर अजून हातात येतो, एवढंच.

म्हणून लिहितोय. तू ये. आमच्या मध्ये खुर्ची टाकून बस आणि नीट बघ. मी चाललो असेन तर मला सांगत बसू नकोस, तिच्यापाशी राहा. तिनेही तुला पत्र लिहिलंय, पाकीट टेबलावर आहे. त्यात ती तुला माझ्यापाशी राहायला सांगेल. तिचं मुळीच ऐकू नकोस.

तुझाच, अजून तरी इथे असलेला,
दादा