पाळण्यावरचं नाव

३ फेब्रुवारी, मंगळवार
माझ्या हातचं, आजवर: तेरा पायऱ्यांचा ओकचा जिना, एकही खिळा नाही. आमचं स्वयंपाकघर. दोन होड्या (एक अजून तरंगते). सोळा खिडक्या. चर्चमधला मागचा बाक. शाळेत सुतारकी शिकून आलेल्यांनी बिघडवलेली नऊ दारं, दुरुस्त. आणि आता पाळणा.
मला कुणी काही शिकवलेलं नाही. नोंद असावी.
पाळणा माझी लेक नीन्के हिच्या बाळासाठी. एप्रिलमध्ये मुलगी होणार. नाव ठरलंय, पण ते जन्मानंतर कार्डं पोस्टात पडल्यावरच लोकांना कळायचं. जावयाच्या आईलासुद्धा तेव्हाच. मला आधी सांगितलं, कारण कोरायचंय. नीन्के म्हणाली, "बाबा, फक्त तुला सांगतेय. आईलाही नाही. तोंड शिवून ठेव." नाव माझ्या आईचं: रिन्स्के. मी लाकूड बघायचंय म्हणून बाहेर गेलो. लाकूड आतच होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार
नोव्हेंबरपासून एकही काम नाही. शेजारचा डाउवे म्हणतो, फोनवर दिसत नाहीस तर तू मेलास असंच लोक धरतात. त्याला सांगितलं, मी चार पत्रं लिहून इंटरनेटच्या नकाशावरचं माझं घर पुसून घेतलेला माणूस आहे. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याला पट्टी आहे. डाउवे म्हणाला, "कॅमेऱ्याला पट्टी, आणि पुढच्या खिडकीला पडदा नाही. काल वाटाण्याचं सूप तू दोनदा वाढून घेतलंस सीब्रेन, सगळ्या गल्लीने पाहिलं."
आमच्या गल्लीत कुणाच्याच खिडकीला पडदा नसतो. ती गोष्ट वेगळी. कशी, ते सुचलं की लिहीन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
लोक फोनवर फोटो टाकतात, तिथे खातं उघडलं. फक्त धंद्यासाठी, आणि माझ्या अटींवर. नाव खोटं. जन्मतारीख खोटी, खरी द्यायला मी खुळा नाही. पासवर्ड बावीस अक्षरी, कागदावर लिहिला, फोनमध्ये घातला आणि कागद शेगडीत जाळला. असं कुणी करत नाही. म्हणून तर लुटले जातात.

१८ फेब्रुवारी, बुधवार
मान्य करायला हवं: उपयोग आहे. नॉर्वेतल्या एकाने जवसाच्या तेलाचे हात कसे द्यायचे ते दाखवलं. (दुसऱ्या हाताला तो चुकतो. कळवलं.) माझ्या खात्यामागे चौदा जण लागलेत, सगळे लाकडातले. माणूस सावध असेल तर काही भीती नाही. भीती बेसावधांना.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
पाळणा झाला. अक्षरं माझ्या आईच्या वहीतल्या वळणाची, एकही कपची उडालेली नाही. फोटो टाकला. आधी पाऊण तास भिंगातून तपासला: घराचा नंबर नाही, गाडीची पाटी नाही, कुलूप दिसत नाही, वॉर्निशात उमटलेला माझा चेहरा पुसला. खाली लिहिलं: "एप्रिलमध्ये येणाऱ्या पहिल्या नातीसाठी." मुलीचं नाव, गाव, काहीही नाही. गोपनीयता पाळावी तर अशी.

१ मार्च, रविवार
सकाळी ७.१०. फोटोला चारशे बदाम, म्हणजे आवडल्याच्या खुणा. बायकोला, ग्रीतला, दाखवावं म्हटलं, पण तिला नाव ठाऊक नाही. थांबलो. संयम.
सायंकाळी. नीन्केचा फोन. जावयाची आई कोरी हिच्या भाचीने फोटो पाहिला, माझ्या डाव्या हाताचं अर्धं तुटलेलं बोट ओळखलं (हात तेवढा फोटोत राहिला होता) आणि कोरीला पाठवला. कोरीने नीन्केला फोन करून अभिनंदन केलं: "रिन्स्के का? छान हो. म्हणजे नाव तुमच्याकडचं, आणि कळायचं मला भाचीकडून."
मी म्हटलं, नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. नीन्के म्हणाली, "बाबा, तू ते कोरलंस आणि फोटो टाकलास." मी म्हटलं, ते नाव नव्हे, ते कोरीवकाम. तिने फोन ठेवला. रेंज गेली असावी.
ग्रीत इतकंच म्हणाली, "मला नाही सांगितलंस, आणि जगाला सांगितलंस."

२ मार्च, सोमवार
फोटो काढून टाकायचा निश्चय. काल घाईत खात्यातून बाहेर पडलो होतो. बावीसपैकी अकरा अक्षरं आठवली.

५ मार्च, गुरुवार
जन्मतारीख सांगा, म्हणतात. कुठली सांगितली होती?

६ मार्च, शुक्रवार
कंपनीला ईमेल. खातं माझंच, कारण बोट माझं. उत्तर: आपल्या गोपनीयतेच्या रक्षणासाठी आम्ही हे खातं दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ शकत नाही.
धोरण म्हणून योग्यच आहे. बदाम चार हजार.

१४ मार्च, शनिवार
बेकरीच्या रांगेत डाउवे मोठ्याने म्हणाला, "पोर पोटात, आणि बारसं गावभर! अभिनंदन रे आजोबा." लोक हसले. तीन बायकांनी रिन्स्केची चौकशी केली. नीन्के फोन उचलत नाही. या महिन्यांत बायकांना विश्रांती लागते.

११ एप्रिल, शनिवार
मुलगी झाली. कार्ड पोस्टाने आलं, इतरांना आलं तसंच. ३४१० ग्रॅम. नाव एलिन. त्यांच्याकडचंही नाही, आमच्याकडचंही नाही.
छापखान्याची चूक असू शकते. फोन केला. जावई बास म्हणाला, चूक नाही.

१९ एप्रिल, रविवार
ग्रीत बाळ बघायला गेली, दुपारी दोन ते तीन. आमंत्रण फक्त तिला होतं. खोली लहान असेल. पाळणा त्यांनी दुकानातून आणलाय, पांढरा, स्क्रूचा. बाळाचा फोटो काढायला सगळ्यांना बंदी. बरोबरच आहे. हे नीन्केला मीच शिकवलं.
ग्रीतला विचारलं, कोणासारखी दिसते? म्हणाली, "बाळासारखी." रुमालात एक टोस्ट बांधून आणला होता, मुलगी झाली की इथे वाटतात तो: लोणी आणि वर गुलाबी बडीशेप. मला बडीशेप आवडत नाही. खाल्ला.

२६ एप्रिल, रविवार
अक्षरं रंधून काढता येतील. चार मिलिमीटर. उद्या.

२७ एप्रिल, सोमवार
रंध्याला धार नाही.

२ मे, शनिवार
ल्यूवार्डेनहून एक जोडपं वर्कशॉपमध्ये आलं. फोटो पाहून, अर्ध्या बोटाचा सुतार विचारत आले होते. त्यांची मुलगी तीन आठवड्यांची, बाईच्या छातीशी बांधलेली, झोपलेली. नाव रिन्स्के. बाईने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कुणाचा आहे का?" मी म्हटलं, नाही.
मग विकत द्याल का, म्हणाले. दोन हजार सहाशे युरो, रोख, आत्ता. नाही म्हणालो.