टायगर, फक्त आठ दिवसांसाठी

११ मे
नागझिऱ्याला जाऊन आलो. सकाळभर जिप्सीत धक्के खाल्ले, वाघ दिसला नाही. रिंकी रडत परत निघाली. पाचवीत जाणारी पोरगी, पण रडणं दुसरीतलं. वाटेत मित्र हेमेंद्रकडे चहाला थांबलो. त्याच्याकडे जर्मन शेफर्डचं चार महिन्यांचं एक पिल्लू उरलेलं. उचललं. म्हटलं, घे रिंकी, घरचा वाघ. नाव टायगर. बायको ओमेश्वरी म्हणाली, याचं सगळं करन कोन? मी म्हणालो, मी.

१२ मे
संकल्प: रोज पहाटे पाचला टायगरला फिरवणार. माझं वजनही उतरेल. ऊन फार आहे, म्हणून एक जूनपासून.

१ जून, पहाटे ५
अलार्म वाजला. टायगर गाढ झोपला होता. झोपलेल्या जीवाला उठवणं पाप आहे.

१९ जून
पाऊस. फिरणं स्थगित. पण तयारी हवी म्हणून भारीतले स्पोर्ट शूज आणले.

२० जून
टायगरने डावा बूट खाल्ला. फिरण्याचा विषय त्यानेच संपवला, मी नाही.

६ जुलै
पलंगावर पडून ट्रेनिंगचे व्हिडिओ पाहिले. आता सगळं समजलं आहे. 'सिट' म्हटलं की तो उडी मारतो. रिंकीने बिस्कीट दाखवलं की बसतो. तो लाचेचा प्रकार झाला, मी धरत नाही.

१८ जुलै
सोफ्याचा कोपरा गेला. टायगरला फाटकाजवळ साखळीने बांधलं. मोकळी हवा मिळेल. धानाच्या रोवणीचा सीझन आहे, माझ्या मोटरपंपाच्या दुकानात मान वर करायला सवड नाही. ओमेश्वरी शाळेत शिकवायला, रिंकी शिकायला. दिवसभर त्याला कोणाचा त्रास नाही.

५ ऑगस्ट
शेजारचे उदारामकाका आले. म्हणाले, भुवनेश्वर, तुझा कुत्रा दिवसभर काऊन बोंबलून राह्यला? मी म्हणालो, राखण करतो. ते म्हणाले, राखण नाही करत बाबू, रडून राह्यला तो. काकांच्या कानाचं तसंही खरं नाही.

१० ऑगस्ट, रविवार
गावाबाहेर टीना मॅडम नावाच्या बाईंचं प्राण्यांचं शेल्टर आहे. गेलो होतो. फक्त चौकशी. त्यांनी विचारलं, फिरवता किती वेळ? म्हटलं, प्लॅन तयार आहे. त्या म्हणाल्या, कुत्रा वाईट नाही जी, एकटा पडला. साखळी सोडा, दोन्ही टाइम अर्धा-अर्धा तास फिरवा, दुपारी कोणाले तरी घरी चक्कर मारू द्या, रात्री घरात झोपू द्या. मी दर रविवारी येऊन शिकवते, पैसे नको. आणि म्हणाल्या, इथं कुत्रे सोडणारे सगळे तुमच्यासारखेच असतात जी, दुष्ट कोणीच नसतो. शेवटचं वाक्य बरं वाटलं. रविवारी मात्र माझी झोप असते. विचार करतो म्हणालो.

२२ ऑगस्ट, पोळा
उदारामकाका सजवलेली जोडी घेऊन दारी आले. टायगर साखळी हिसकून धावला. बैल बुजले, काकांचा पाय मुरगळला. सगळ्या गल्लीसमोर माझी इज्जत गेली. रिंकी म्हणाली, तो खेळाले गेला होता. मी ऐकून घेतलं नाही.

२३ ऑगस्ट, मारबत
पहाटे लोकांसोबत मीही मारबतीचा पुतळा गावाबाहेर काढायला गेलो. सगळे ओरडत होते, इडापीडा घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. मी जोशात ओरडलो, टायगरले घेऊन जा गे मारबत. सगळे हसले. मागे रिंकी उभी होती. ती हसली नाही.
दुपारी टायगरला गाडीत घातलं. घरची पीडा शिवेबाहेर नेण्याची आपली रीतच आहे. खिडकीतून तोंड काढून तो एवढा खूश होता की बघवेना. आम्ही दोघं पहिल्यांदाच फिरायला निघालो होतो. टीना मॅडमना सांगितलं, फक्त आठ दिवस. रिंकीला सांगितलं, ट्रेनिंगला गेला.

३१ ऑगस्ट
आठ दिवस झाले. पण घरात गणपती, पाहुणे. पुढच्या रविवारी. घर शांत आहे. झोप उत्तम. चारदा उठलो तेवढंच.

१४ सप्टेंबर
टीना मॅडमचा फोन. टायगर जेवत नाही. गाडी वाजली की जाळीशी येऊन उभा राहतो. एकदा येऊन भेटा, म्हणाल्या. म्हटलं, भेटलो तर त्याला जास्त त्रास होईल. त्याच्या भल्यासाठीच मी जात नाही. हे लिहिताना तीनदा नाक पुसलं. हवा बदलली आहे.

५ ऑक्टोबर
टीना मॅडमचे तीन-चार फोन येऊन गेले. दुकानात गर्दी होती. रिंकी विचारते, ट्रेनिंग संपत काऊन नाही? म्हटलं, हुशार कुत्र्यांचा कोर्स मोठा असतो. आजकाल तिच्याशी नजर मिळवत नाही मी. आठवण येते त्याची. लिहून टाकलं एकदाचं.

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. आता पक्कं. लाल पट्टा आणला. टीना मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, किती फोन लावले जी तुमाले. तो सालेकसा गावाकडे गेला, बकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. भेटा, ते नाही म्हणणार नाहीत. हरकत नाही, घेऊन येईन. कुत्रा मालकाला विसरत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
रिंकीला घेऊन गेलो. बकारामच्या खळ्यात धानाची रास पडलेली. त्याची म्हातारी आई नंदाबाई राखणीला बसलेली, शेजारी टायगर. मोकळा. अंगाने भरला आहे. मी हाक मारली. धावत आला. अंगावर उड्या मारल्या, रिंकीचं सगळं तोंड चाटलं. मी म्हटलं, चल घरी. तो माझ्यासोबत अर्ध्या खळ्यापर्यंत आला, थांबला, आणि परत जाऊन म्हातारीला टेकून बसला.
नंदाबाई म्हणाल्या, घेऊन जा बाबू, तुमचाच हाय. पण दिवसभर त्याच्यासंग कोन राहील, तेवढं सांगून जा. मी लाल पट्टा या हातातून त्या हातात घेतला. रिंकीच म्हणाली, आपल्या घरी कोणी नाही राहत पप्पा. राहू द्या त्याले इथंच.
परत येताना ती मागच्या काचेतून खळ्याकडे बघत बसली.
टायगरने मला ओळखलंच नाही, असं आज लिहिणार होतो. पण तो पहिल्याच हाकेला धावत आला होता.